मोटेच्या टाक्याचा चेंडू

ठाणाकुशनूरच्या मातीत फुटबॉल उगवला नव्हता, तो ठाण्यातून आला. निजामाच्या काळात तिथं जे शिपाई होते, ते संध्याकाळी लेंगे गुडघ्यापर्यंत खोचून मैदानात खेळत आणि गाव बांधावर बसून बघे. पुढं पोलीस ॲक्शन झाली. शिपाई पांगले. मागं उरले मौलासाब जमादार आणि एक चामड्याचा चेंडू. जमादारांची बायको इथंच दफन झालेली, म्हणून ते गेले नाहीत. चेंडूत हवा नव्हती, म्हणून तो कुणी नेला नाही.

दोनेक वर्षांनी जमादारांनी हैदराबादेहून नवं ब्लॅडर आणवलं, चेंडूला तेल पाजलं आणि गावातली पोरं निवडली. ती त्यांनी पोटऱ्या बघून निवडली. कोण कुणाचा, कुठल्या आळीतला, हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना त्यातलं काही दिसतच नसे. उभं राहायला लावायचे आणि काठीनं पोटरी ठोकून बघायचे. पिराजीच्या पोटरीवर काठी पडली तेव्हा ती टणकन वाजली असं गावात अजून सांगतात.

त्या पोटऱ्या कातडं तुडवून तशा झाल्या होत्या. पिराजीचा बाप गावाच्या मोटा शिवायचा. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची ती चामड्याची मोट. तिचं कातडं पाण्यात भिजवून, पायानं तासन् तास तुडवून मऊ करावं लागे, आणि तुडवायला पिराजी असे. शिवायला बाप. मालकाच्या पडवीखाली, भुईवर, एक पाय मुडपून बाप बसायचा आणि मालक वर बाजेवर बसून बघायचा. शिवलेल्या मोटेतून थेंब गळला तर सुगीच्या पायलीतून मूठभर जवारी कमी.

छप्पन्न साली वस्तीनं नवा मार्ग धरायचं ठरवलं. सत्तावन्नला पिराजीनं उदगीरला जाऊन दीक्षा घेतली. बाप तोवर गेला होता. परत आल्यावर पिराजीनं बापाची कातडं टोचायची आरी आणि कापायची रापी ठाण्याच्या पडक्या आडात टाकली. आई नागूबाई काठावर उभी होती. खाली पाणी नव्हतं, त्यामुळं आवाज दगडावर पडल्याचा आला. तेव्हापासून त्या घरात कातड्याला कुणी हात लावला नव्हता. पिराजी सडकेवर खडी फोडायला जायचा, तीन एकर गायरान त्याच्या नावावर झालं होतं त्यात मूग आणि तूर पेरायचा, आणि संध्याकाळी मैदानात बॅक म्हणून उभा राहायचा. चेंडूला पाय लावायला त्याची हरकत नव्हती. पाय आणि हात यांत फरक आहे, असं तो म्हणे.

त्रेसष्टच्या श्रावणात चेंडू फाटला.

ठाण्याच्या कुंपणावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या, त्यावर तो गेला. काटा लागला तो ब्लॅडरला आणि ते बदलता आलं असतं. पण बाहेर काढून बघितलं तर चामड्याच्या पानांमधला दोराच कुजलेला. एक टाका ओढला की दहा सुटत होते. जमादारांच्या हातात चेंडूची बारा पानं सोललेल्या संत्र्यासारखी उघडून पडली.

पंधरा ऑगस्टला बिदरला सामने होते. तिथला नियम असा, की येणाऱ्या संघानं आपला चेंडू घेऊन यायचा. पहिला अर्धा खेळ एकाच्या चेंडूनं, दुसरा दुसऱ्याच्या. चेंडू नाही त्या संघाला उतरू देत नसत. मागची दोन वर्षं कुशनूरचा संघ गेलाच नव्हता, एकदा पटकी होती म्हणून आणि एकदा मांजरेला पूर होता म्हणून. या वेळी बिदरहून पत्र आलं होतं, की यंदा आला नाहीत तर तुमचं नाव काढून दुसऱ्या गावाला घालू. नाव गेलं की क्लब गेला, हे सगळ्यांना कळत होतं. पावसात हैदराबादेचा रस्ता बंद होता. औरादच्या चांभारानं पानं उलटून बघितली आणि हात झटकले. म्हणाला, माझा टाका पायताणाचा आहे, आत हवा दाबली की उसवणार. याला मोटेचा टाका पाहिजे, पाणी धरतो तो हवा धरंल. तुमच्या गावात होता की एक माणूस.

दुसऱ्या दिवशी जमादार आणि संघाचा कप्तान श्रीमंत सडकेवर आले. श्रीमंत हा उद्धवरावांचा थोरला मुलगा. उद्धवराव म्हणजे गावचे चेअरमन, तीन विहिरींचे मालक. पिराजीचा बाप ज्यांच्या पडवीखाली बसे ते हेच. पिराजी गुडघ्यांत दगड धरून हातोडा घालत होता. पापण्यांवर पांढरी धूळ बसली होती. मैदानात तो कप्तानाला ‘श्रीमंत’ म्हणे, बाहेर ‘मालक’. सडक मैदानाबाहेर होती, म्हणून तो उठून उभा राहिला.

श्रीमंतानं सगळं सांगितलं. चांभार काय म्हणाला तेही सांगितलं.

“मी न्हाई शिवत,” पिराजी म्हणाला.

“गावासाठी न्हाई, क्लबासाठी म्हणायलोय मी.”

“आज क्लबाचा चेंडू घेऊन बसलो की उद्या तुमच्या आबांची मोट येती, मालक. परवा कुणाच्या चपला येत्याल. आत जायला एकच दार हाय त्या कामाला, बाहेर यायला मला सहा वर्सं लागली.”

जमादारांनी श्रीमंताचा हात धरला आणि त्याला मागं नेलं. त्यांनी आर्जव केलं असतं तर पिराजीला बरं वाटलं असतं, कारण मग त्याला रागावता आलं असतं.

रात्री जेवताना त्यानं हे घरात सांगितलं. नागूबाई म्हणाली, बरं केलंस. बायको सरुबाई ताटात भाकरी वाढता वाढता थांबली. तिनं विचारलं, मग संध्याकाळी कुठं जाणार तुमी? बारा वर्षं तो रोज संध्याकाळी मैदानावर गेला होता. दिवसभर जे अंग दगडाचं होई, ते तासाभरासाठी त्याचं स्वतःचं होई. श्रीमंताच्या, तेली वीरण्णाच्या, सगळ्यांच्या अंगाला अंग घासून तो उडी मारायचा आणि कुणी अंग चोरत नसे. गावात दुसरी अशी जागा नव्हती.

दोन दिवस तो मैदानाच्या वाटेनं गेला नाही. शेतात कोळपं धरलं. मुगाच्या शेंगा काळ्या पडायला लागल्या होत्या आणि वर ढग हलत नव्हते. तिसऱ्या दिवशी सरुबाई खुरपं टाकून शेताच्या धुऱ्यावर येऊन बसली.

“एक सांगू का? मामंजी भुईवर बसायचे अन मालक बाजंवर,” ती म्हणाली. “तुमी खुर्चीवर बसा. कातडं त्यास्नी धरू द्या.”

पिराजीनं तिच्याकडं बघितलं. ती गंभीर होती. मग दोघांनाही हसू आलं, आणि हसता हसता पिराजीच्या ध्यानात आलं की हे हसण्यावारी न्यायचं काम नाही.

त्याच संध्याकाळी त्यानं जमादारांना निरोप दिला. काम शाळेत होईल, वर्गात, मास्तरांच्या टेबलावर. मी खुर्चीवर बसणार. संघातला प्रत्येक जण पाळीनं कातडं धरणार, दोऱ्याला मेण लावणार. जो हात लावणार नाही त्यानं बिदरला यायचं नाही. आणि हे काम क्लबाचं. माझं नाही, माझ्या घराचं नाही.

आरी नव्हती. आडात उतरून बापाची काढून आणावी असं एकानं सुचवलं, त्याच्याशी पिराजी दिवसभर बोलला नाही. सडकेच्या मिस्त्रीकडून त्यानं सायकलची मोडकी तार मागून घेतली, दगडावर घासली आणि टोक काढलं. बाभळीची मूठ बसवली.

रविवारी शाळेत काम सुरू झालं. दोन पानं अगदीच गेली होती, त्यांच्या जागी श्रीमंतानं घरातल्या जुन्या मोटेचा तुकडा आणला होता. तो रात्रभर बादलीत भिजत होता आणि वर्गभर वास सुटला होता. पिराजी खुर्चीवर बसला. पाय कुठं ठेवावे हे त्याला कळेना. भुईवर बसून शिकलेला हात टेबलाच्या उंचीवर अडत होता. पहिले चार टाके वाकडे पडले, ते त्यानं काढले.

कातडं गुडघ्यांत दाबून धरण्याची पहिली पाळी वीरण्णाची आली. वीरण्णाच्या घरी कांदासुद्धा चालत नसे. त्यानं तोंड वळवून धरलं.

“इकडं बघून धर,” पिराजी म्हणाला, “न्हाईतर तुझ्या मांडीत टाका पडंल.”

सगळे हसले. वीरण्णानं बघितलं. त्यानंतर श्रीमंत बसला, त्याच्या हातून मेण सुटत होतं, पिराजी त्याला दोनदा तोडून बोलला आणि तो ‘व्हय व्हय’ म्हणत राहिला. दुपारी टाके हाताला आपोआप येऊ लागले. दोन सुया, दोन बाजूंनी, एकाच भोकातून. ओढायचं, आवळायचं, नखानं दाबायचं. सहा वर्षांत हात काही विसरला नव्हता. पिराजीला त्याची लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. अंगठ्याला तारेनं भोक पडलं तेव्हा त्यानं ते चोखलं आणि पुढं शिवलं.

सोमवारी संध्याकाळी चेंडूत हवा भरली. मोट एका टोकाला तोंड आणि दुसऱ्या टोकाला सोंड अशी लांबट असते, आणि तिचा टाका वरून खाली ओढत न्यायचा असतो. पिराजीच्या हातानं तेच केलं होतं. हवा भरत गेली तसा चेंडू दोन बाजूंना वाढत गेला. तो टेबलावर ठेवला तर घरंगळण्याऐवजी डुलत राहिला.

जमादारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“मियाँ,” ते म्हणाले, “गेंद बोले थे हम. अंडा दिया तूने.”

कुणी हसलं नाही. उसवून परत शिवायला वेळ नव्हता आणि दोरही नव्हता. पिराजी मान खाली घालून एरंडेलाची वाटी शोधत होता. मोटेला चोपडतात तसं त्यानं टाक्याटाक्यात एरंडेल जिरवलं, वरून मेण घासलं, आणि म्हणाला, “हवा तर धरली ना? मग चला मैदानात.”

आठ दिवस त्या चेंडूनं सगळ्यांना रडवलं. टोकावर पडला तर उलटा अंगावर यायचा, पोटावर पडला तर सरपटत दूर जायचा. श्रीमंतानं मारलेला बॉल त्याच्याच कानामागून गेला. तो शिव्या देई मोटेला, मोटेच्या मालकाला, आणि मालक म्हणजे आपलाच बाप हे लक्षात आल्यावर श्रीमंतानं त्या थांबवल्या. पण पिराजीला चौथ्या दिवसापासून दिसू लागलं. मोटेच्या तुकड्याची दोन काळी पानं होती. ती वर असली की चेंडू डावीकडं फिरे, खाली असली की आखूड पडे. त्यानं ते एकेकाला मैदानात उभं करून दाखवलं. पहिल्यांदाच बॅक उभा राहून बोलत होता आणि कप्तान ऐकत होता.

चौदा तारखेला तुरीच्या ट्रकमध्ये मागं उभं राहून ते बिदरला गेले. पहिले दोन सामने लहान गावांशी होते, ते रडतखडत जिंकले. पंधराला दुपारी अंतिम सामना बिदरच्याच संघाशी पडला. त्यांच्या पायांत बूट होते. कुशनूरचे सगळे अनवाणी. पहिला अर्धा बिदरच्या चेंडूनं झाला. तो गोल होता, हलका होता आणि कुशनूरच्या पायांना आता गोल चेंडूची सवयच राहिली नव्हती. बिदरचे दोन गोल झाले. पिराजीच्या नडगीवर बूट बसून सालटं निघालं.

मध्यंतरात पाऊस आला. साधी बुरबूर होती, पण थांबेना. बिदरच्या कप्तानानं कुशनूरचा चेंडू बघितला आणि पंचांकडं नेला. हा चेंडू नाही, असं त्याचं म्हणणं. बघणाऱ्यांत हशा पिकला. कुणी ओरडलं, उबवायला कोंबडी आणा. पंच एक ड्रिल मास्तर होते. त्यांनी फीत काढून आडवं माप घेतलं, ते बरोबर भरलं. उभं घेतलं ते तीन बोटं जास्त. त्यांनी जमादारांना विचारलं, कुणी शिवला?

जमादारांनी पिराजीकडं हात केला. पिराजी चिखलात उभा होता. सगळं मैदान त्याच्याकडं बघायला लागलं, आणि त्याच्या पाठीला ती जुनी, पडवीखालची जाणीव झाली.

“हवा धरतो का?” पंचांनी विचारलं.

“पाणीसुद्धा धरतो, साहेब,” पिराजी म्हणाला.

पंचांनी तो दोनदा आपटून बघितला. दुसऱ्यांदा तो त्यांच्या पोटावर आला. ते म्हणाले, नियमात आपला चेंडू आणायचा असं लिहिलंय. आणलाय. खेळा.

बिदरचा चेंडू असता तर त्या पावसात भिजून दगड झाला असता. हा एरंडेलानं माखलेला, पाणी त्याच्यावरून कमळाच्या पानावरून ओघळावं तसं जाई. बूटवाले घसरू लागले. कुशनूरच्या पोरांचे पाय काळ्या रानातल्या चिखलात वाढलेले. अंगठे रोवून उभी राहिली. वीरण्णानं पहिला गोल केला तो असा, की बिदरचा बॅक चेंडूच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि चेंडू मागंच थांबला. दुसरा श्रीमंतानं केला. काळी पानं वर दिसली, तो डावीकडं पळाला, चेंडू त्याच्या आधीच निघाला होता.

शेवटची पाचेक मिनिटं उरली होती. पिराजीजवळ चेंडू आला तेव्हा तो अर्ध्या रेषेच्याही मागं होता. पुढं द्यायला कुणी मोकळं नव्हतं. चेंडू चिखलात डुलत थांबला, काळी पानं खाली. आखूड पडणार. पिराजीनं पायानं त्याला अर्धा फिरवला, तुडवताना कातडं फिरवतात तसा, आणि सगळा जीव पोटरीत आणून मारला. चेंडू उंच गेला. बिदरचा गोलकीपर पुढं येऊन हात पसरून उभा राहिला, झेलणारच होता. त्याच्या दोन पावलं आधी चेंडू टोकावर पडला, एकदा उभा राहिला, आणि त्याच्या खांद्यावरून आत गेला.

पिराजीला आधी ऐकूच आलं नाही. मग वीरण्णा त्याच्या पाठीवर चढला, श्रीमंतानं गळ्यात हात टाकले, आणि सगळे एकमेकांवर चिखलात पडले. जमादार रेषेवर उभे राहून रडत होते. बक्षिसाची ढाल घेताना श्रीमंतानं पिराजीला पुढं ढकललं. त्याच्या हातात ती आली तेव्हा त्याला तिच्या वजनाचं नवल वाटलं. एवढ्याशा लाकडाला एवढं वजन.

गावात मिरवणूक झाली. नागूबाईनं दारात उभं राहून पोराला बघितलं. ढाल शाळेत टांगली. चेंडू शिवणाऱ्याचं नाव आजूबाजूच्या गावांत गेलं.

तिसऱ्या दिवशी मोट आली.

पावसाळ्यात विहिरी भरलेल्या असतात, मोटा बंद असतात, तेव्हाच त्या दुरुस्तीला निघतात. उद्धवरावांचा गडी चनमल्लप्पा डोक्यावर मोट घेऊन आला, ती त्यानं पिराजीच्या दारात टाकली, शेजारी पायलीभर जवारी ठेवली. आबांचा निरोप होता. चेंडू चांगला शिवलास म्हणतात, आता ही शिव. पडवीत येऊन शिव. आणि जाताजाता त्यानं खालच्या आवाजात राहिलेलंही सांगितलं, की तुझ्या गायरानाची वाट आमच्या बांधावरून जाती, हे ध्यानात ठेव म्हणलेत.

पिराजीनं जवारीचं माप चनमल्लप्पाच्या हातात परत दिलं. मोट उचलून ने, असंही म्हणाला. चनमल्लप्पा म्हणाला, ती नेली तर माझं काम जाईल, अण्णा. तो जवारी घेऊन गेला. मोट राहिली.

ती दारात पडून राहिली. पावसानं भिजली, वास सुटला, कुत्री येऊन तिचा काठ चावू लागली. येणारा-जाणारा बघून जाई. शेतातला निम्मा मूग पाऊस घेऊन गेला होता, आणि उरलेला रानातून घरी आणायचा तर वाट तीच. दुसऱ्या रात्री नागूबाई म्हणाली, एकदा शीव बाबा. एकदाच. कुणाला दिसंल?

“मला दिसंल, माय,” पिराजी म्हणाला.

सरुबाईनं विचारलं, मग आपणच नेऊन टाकायची का त्यांच्या दारात? पिराजी म्हणाला, न्हाई. शिवायचं आपलं काम न्हाई तसं वाहायचंबी न्हाई. ज्यानं धाडली त्यानं न्यावी. हे म्हणताना त्याचा आवाज स्थिर होता, पण रात्रभर त्याला झोप आली नाही. पहाटे पाऊस मोटेवर पडत असल्याचा ढोलासारखा आवाज तो ऐकत पडला होता.

संध्याकाळी तो खेळाची चड्डी घालून दाराबाहेर आला, तर समोर श्रीमंत उभा. खेळायच्याच कपड्यांत. मोटेकडं बघत होता. गल्लीतल्या बायका दारांत आल्या.

“मला आज कळलं,” श्रीमंत म्हणाला. “आबांस्नी बोलून बघितलं. ते ऐकनात.”

“मग?”

श्रीमंत खाली वाकला आणि मोटेच्या काठाला हात घातला. भिजून ती दुप्पट जड झाली होती. एकट्यानं डोक्यावर घेता येईना. दोनदा निसटली, तिसऱ्यांदा त्याच्या छातीवर घाण पाणी सांडलं.

“पिराजीअण्णा, जरा हात लावू लागा,” तो म्हणाला.

“न्हाई लावत, श्रीमंत,” पिराजी म्हणाला.

श्रीमंतानं त्याच्याकडं बघितलं, मान हलवली, गुडघा टेकून मोट खांद्यावर घेतली आणि तिथून डोक्यावर ढकलली. मग तो उठला. सोंड पाठीमागं लोंबत होती आणि तिच्यातून पाणी त्याच्या पाठीवरून, चड्डीवरून, पायांवरून गळत होतं. तो वस्तीतून निघाला. वीरण्णाच्या घाण्यावरून, शाळेवरून, देवळाच्या पारावरून, चावडीवरून. पारावर बसलेले लोक उठून उभे राहिले. चेअरमनचा थोरला पोरगा भर संध्याकाळी डोक्यावर मोट घेऊन आपल्या घरी चालला होता. बाजेवर बसलेल्या उद्धवरावांच्या पुढ्यात त्यानं ती उतरवली, आणि पाणी त्यांच्या धोतरावर उडालं. तो मैदानाकडं वळला.

मैदानात सगळे थांबले होते. श्रीमंत आला तो वास घेऊनच आला. कुणी अंग चोरलं नाही. पिराजीनं चेंडू पुढं टाकला आणि म्हणाला, “उशीर झाला कप्तान. पळा.”

दुसऱ्या दिवशी पिराजी आणि सरुबाई मूग आणायला निघाले. बांधावरची वाट उघडी होती. एक काटेरी फांदीसुद्धा आडवी पडलेली नव्हती. विहिरीवर मोट नव्हती. ती गाडीत घालून उदगीरला पाठवली असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं पत्र्याची नवी आणणार आहेत. पिराजीनं विचारलं नाही. डोक्यावर मुगाचं ओझं घेऊन तो उद्धवरावांच्या बांधावरून ताठ मानेनं चालत गेला.